समासातून सुरू झालेला अभ्यास

पेट्रार्क या इटालियन कवीच्या संग्रही प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याचे एक हस्तलिखित होते. मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयात ते आजही जपलेले आहे. त्याच्या समासात पेट्रार्कची बारीक अक्षरातली टिपणे आहेत. हा उल्लेख कुणाचा, हीच गोष्ट दुसऱ्या लेखकाने कशी सांगितली, असा सगळा शोध त्यांत चाललेला दिसतो. आणि त्याच पुस्तकाच्या सुरुवातीच्या एका कोऱ्या पानावर अगदी खासगी नोंद आहे. जिच्यावर त्याने उभा जन्म कविता लिहिल्या ती लॉरा १३४८ च्या एप्रिलमध्ये वारली, ही ती नोंद. ती इथेच का केली, तेही त्याने लिहिले आहे. हे पान वारंवार त्याच्या नजरेखालून जात असे.

जगाचे साहित्य आपले आपण अभ्यासायचे, संदर्भ शोधायचे आणि वाचलेले स्वतःच्या आयुष्याशी ताडून पाहायचे, याला आजकाल फावल्या वेळचा छंद समजतात. मला हे पटत नाही. आधुनिक भाषांमधले साहित्य विद्यापीठांत रीतसर विषय म्हणून रुजले ते एकोणिसाव्या शतकात. त्याच्या कितीतरी आधीपासून शोध आणि मनन एकाच पुस्तकात, एकाच हस्ताक्षरात नांदत होते.

पेट्रार्कचीच आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १३५४ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या एका स्नेह्याने त्याला प्राचीन ग्रीक महाकवी होमरचे मूळ ग्रीक हस्तलिखित पाठवले. पेट्रार्कला ग्रीक वाचता येत नव्हते. आभाराच्या पत्रात तो लिहितो, की होमर माझ्यापुढे मुका आहे, किंवा मीच त्याच्यापुढे बहिरा आहे. तरी मी त्याला पुन्हा पुन्हा उराशी धरतो. पुढे बोकाचिओ या इटालियन लेखकाच्या पुढाकाराने लिओन्झिओ पिलातोने होमर लॅटिनमध्ये आणला. शब्दाला शब्द ठेवून केलेले ते भाषांतर ओबडधोबडच होते. त्याची प्रत हाती यायला पेट्रार्कला दहा वर्षांहून अधिक थांबावे लागले. आली तेव्हा तो साठी ओलांडलेला होता, आणि त्याने पुन्हा समास भरायला घेतले.

छपाई आल्यावर पुस्तके वाढली आणि वाचलेले लक्षात ठेवायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. फ्रान्समधला निबंधकार मोंतेन १५७१ मध्ये कामातून निवृत्त होऊन आपल्या मनोऱ्यातल्या ग्रंथालयात बसू लागला. आपली स्मरणशक्ती दगा देते, हे त्याने मोकळेपणाने कबूल केले आहे. पूर्वी बारकाईने वाचलेले पुस्तक तो नवे समजून पुन्हा उघडायचा. म्हणून पुस्तक संपले की शेवटच्या पानावर तारीख आणि लेखकाविषयी आपले एकंदर मत लिहून ठेवण्याची सवय त्याने लावून घेतली. त्याच्या निबंधांत अशी काही मते तशीच आलेली आहेत. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने तर टिपणवहीची अनुक्रमणिका करण्याची रीतच १६८६ मध्ये छापली. विषयाच्या शब्दाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, एवढ्यावर पानाचा ठिकाणा लागायचा. दोन पानांत मावणारी ती सूची होती.

पण एकट्याच्या अभ्यासाचे मोल सर्वांत स्पष्ट सांगितले ते सतराव्या शतकातल्या मेक्सिकोमधल्या सोर ह्वाना इनेस दे ला क्रूस या जोगिणीने. लहानपणी तिला लॅटिनचे जेमतेम वीस धडे मिळाले, पुढचे तिने स्वतः केले. ती आपले केस कापायची आणि ते पुन्हा वाढेपर्यंत अमुक एवढे शिकायचे, असा नेम करायची. नेम चुकला तर केस परत कापायचे, कारण ज्ञानाने रिकाम्या डोक्याला ही शोभा नको. १६९१ च्या तिच्या प्रदीर्घ पत्रात हे सगळे आहे. आपला गुरू म्हणजे मुके पुस्तक आणि सहाध्यायी म्हणजे निर्जीव दौत, असे ती लिहिते. गुरूच्या जिवंत आवाजावाचून शिकताना किती कष्ट पडतात, हेही तिने झाकलेले नाही. मध्यंतरी सुमारे तीन महिने तिला पुस्तके मना होती. तेव्हा ती भोवतालच्या वस्तूच वाचत राहिली. स्वयंपाकघरात तुपात तळल्यावर अंडे धरते आणि पाकात पडल्यावर फुटते, हेसुद्धा तिने टिपले.

आता ‘विश्वसाहित्य’ या शब्दाकडे येऊ. ३१ जानेवारी १८२७ रोजी जर्मन कवी गटे आपला तरुण सहकारी एकरमान याला म्हणाला, की तो एक चिनी कादंबरी वाचतो आहे. ती फार विचित्र असेल, असे एकरमानला वाटले. गटे म्हणाला, तसे काही नाही, ही माणसे जवळजवळ आपल्यासारखाच विचार करतात आणि त्यांच्या भावनाही आपल्यासारख्याच आहेत. राष्ट्रापुरत्या साहित्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही, विश्वसाहित्याचा काळ जवळ आला आहे, हे त्याचे उद्गार याच संभाषणातले. पण गटेला चिनी येत नव्हते. कालिदासाचे शाकुंतल त्याने जर्मनमध्ये वाचले, आणि ते जर्मन भाषांतर विल्यम जोन्सच्या १७८९ च्या इंग्रजी भाषांतरावरून १७९१ मध्ये झालेले. फारसी कवी हाफिजही त्याला भेटला तो भाषांतरातूनच. त्या वाचनातून आलेला त्याचा ‘दिवान’ हा कवितासंग्रह १८१९ चा. त्यात कवितांच्या मागे फारसी कवी आणि पूर्वेकडचा इतिहास यांवर गद्य टिपणांचा मोठा भाग आहे. शोध आणि मनन यांची समासातली जोडी इथे छापील पुस्तकात आली. विश्वसाहित्य ही कल्पना भाषांतरकारांच्या खांद्यावर बसून आली आणि त्यांचे ऋण आपण फार कमी मानतो, असे मला मनापासून वाटते.

स्वस्त पुस्तकमालांनी पुढचे काम केले. १८६७ मध्ये जर्मनीत जुन्या लेखकांचे हक्क संपले आणि रेक्लाम प्रकाशनाने लगेच आपली माला सुरू केली. पहिला क्रमांक गटेच्या ‘फाउस्ट’चा. इंग्लंडमध्ये १९०६ साली एव्हरीमन्स लायब्ररी आली, तर १९०९ मध्ये हार्वर्डचे माजी अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी पाच फुटांच्या फळीवर मावेल असा संच काढला. रोज पंधरा मिनिटे वाचले तरी चांगले शिक्षण होईल, असा त्यांचा विश्वास होता. १९०७ मध्ये रवींद्रनाथ टागोरांना तौलनिक साहित्यावर बोलायला सांगितले, तेव्हा त्यांनी त्याला विश्वसाहित्य म्हटले. माझे शेत, तुझे शेत, त्याचे शेत यांची बेरीज म्हणजे पृथ्वी नव्हे, तसेच साहित्याचे आहे, असे ते म्हणाले.

जर्मन साहित्याभ्यासक एरिक आउअरबाख खरे तर प्राध्यापक. पण ज्यू असल्यामुळे नाझी राजवटीत त्याची मारबुर्गची नोकरी गेली आणि १९३६ मध्ये तो इस्तंबूलला आला. तिथे १९४२ ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत त्याने ‘मिमेसिस’ लिहिले. पाश्चात्त्य साहित्यातला एकेक उतारा समोर घ्यायचा आणि त्यातूनच सगळे उलगडायचे, ही त्याची पद्धत. पहिला उतारा होमरचा आहे. ओडिसियस वेषांतर करून घरी परततो, त्याचे पाय धुताना म्हाताऱ्या दाईच्या हाताला मांडीवरचा जुना व्रण लागतो आणि ती त्याला ओळखते. शेवटच्या टिपणात आउअरबाख लिहितो, की इथे युरोपीय अभ्यासाला पुरेसे ग्रंथालय नव्हते. सगळे संदर्भ हाताशी असते तर कदाचित हे पुस्तक लिहूनच झाले नसते. त्यानंतर तो एवढेच मागतो, की हे पुस्तक त्याच्या वाचकांपर्यंत पोचावे, आणि जुने मित्र अजून जिवंत असतील तर त्यांच्यापर्यंतही.