दुर्बिणीचा नेम: चुका मोजण्याचा इतिहास

ताऱ्याचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांशच म्हणा) दिली की दुर्बीण नेमकी तिथेच वळेल, असं होत नाही. ध्रुवाकडे रोखलेला अक्ष किंचित सरकलेला असतो, दोन अक्षांमधला काटकोन पूर्ण नसतो, नळी स्वतःच्याच वजनानं वाकते. शिवाय नळी आडवी होत जाईल तसा बाक वाढतो, त्यामुळे आकाशाच्या प्रत्येक भागात चूक वेगळी येते.

टायको ब्राहेनं सोळाव्या शतकात दुर्बिणीशिवाय, भिंतीवर पक्क्या बसवलेल्या भल्यामोठ्या वृत्तपादासारख्या (पाव वर्तुळाच्या कोनमापकासारख्या) उपकरणांनी साधारण एका कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, अचूकता गाठली. त्याचा मुख्य भर उपकरण मोठं आणि भक्कम करण्यावर होता. पुढे अठराव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ टोबियास मायरनं याम्योत्तर दुर्बिणीच्या, म्हणजे फक्त उत्तर-दक्षिण रेषेतच फिरणाऱ्या दुर्बिणीच्या, तीन चुका एका सूत्रात मांडल्या: अक्षाचा कल, अक्षाची दिशा आणि नळीचा तिरपेपणा.

चुका मोजून सूत्रात मांडण्याच्या या विचाराला खरं बळ दिलं जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेलनं. उपकरण एकदा कारागीर घडवतो आणि दुसऱ्यांदा, त्याच्या चुका शोधून, खगोलशास्त्रज्ञ कागदावर घडवतो, अशी त्याची धारणा होती. ती त्यानं करूनही दाखवली. ग्रीनिचच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडलीनं १७५० पासून घेतलेल्या वेधांमधून त्यानं उपकरणांच्या चुका वेगळ्या काढल्या आणि १८१८ मध्ये तीन हजारांहून अधिक ताऱ्यांची शुद्ध स्थानं प्रसिद्ध केली. ब्रॅडली तोवर हयात नव्हता. उपकरणाला हातही न लावता ते सुधारलं गेलं. मला या साऱ्या इतिहासातलं हेच सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

एकोणिसाव्या शतकातली एक तपासणी फार देखणी आहे. दुर्बीण सरळ खाली, पाऱ्याच्या परातीवर रोखायची. पाऱ्याचा पृष्ठभाग आपोआप समपातळीत असतो. नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगांच्या नळीत) खुणेसाठी ताणलेल्या बारीक तारा आणि पाऱ्यातलं त्यांचं प्रतिबिंब एकमेकांवर बसलं, की दृष्टिरेषा तंतोतंत उभी आहे हे कळतं.

१९४८ च्या पालोमारच्या ५ मीटर दुर्बिणीत अभियंता सेरुरिए यांच्या रचनेनं बाक टाळण्याचा हट्टच सोडला. नळीची दोन्ही टोकं सारखीच झुकतील अशी सोय केली, म्हणजे दोन्हीकडचे आरसे एका रेषेत राहतात.

संगणक आल्यावर बेसेलचं काम, म्हणजे चुका हिशेबानं वजा करणं, दर क्षणी होऊ लागलं. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ३.९ मीटरची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण यात अग्रेसर ठरली. तिथल्या अनुभवातून पॅट्रिक वॉलेस यांची टीपॉइंट ही आज्ञावली घडली. आकाशभर विखुरलेले कित्येक तारे पाहायचे, अपेक्षित आणि प्रत्यक्ष स्थानातला फरक नोंदवायचा आणि न्यूनतम वर्ग पद्धतीनं (उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) प्रत्येक दोषाचा आकडा काढायचा. अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीचा नेम यातून दोनेक विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आला.

नुसतं गणिती बहुपद बसवण्यापेक्षा प्रत्येक पदामागे खरा यांत्रिक दोष असणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण उरलेली चूक मग काहीतरी सांगते. तेच तारे पुन्हा पाहिल्यावर फरक दर वेळी बदलत असेल, तर दुर्बीण फिरवणाऱ्या चाकांच्या दात्यांत खेळ (सैलपणा) आहे किंवा आरसा आपल्या बैठकीत सरकतो आहे. अशी चूक कुठल्याही सूत्रात बसत नाही; ती पाना घेऊनच दुरुस्त करावी लागते.