हर्टा : पक्ष्यांवर पोसलेलं गाव

सेंट किल्डा म्हटलं की आधी आठवतं ते १९३० सालचं स्थलांतर. २९ ऑगस्टला उरलेसुरले ३६ जण बोटीत चढले आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर अटलांटिकमध्ये असलेलं, सेंट किल्डा द्वीपसमूहातलं मुख्य बेट हर्टा ओस पडलं. हे गाव का उठलं, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र ते इतकी शतकं टिकलं कशावर, हा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

थोडे ओट, थोडी बार्ली, मेंढ्या, गाई एवढी शेती होती. भोवतालच्या समुद्रात मासे होते, पण धड धक्का नाही आणि समुद्र सतत खवळलेला, त्यामुळे होडीवर भिस्त ठेवणं कठीण. भिस्त होती कड्यांवर. कोनाहेर डोंगराचा समुद्राकडचा कडा सुमारे ४३० मीटरचा. कमरेला दोर बांधून पुरुष अनवाणी कडे उतरत आणि गॅनेट, पफिन, फुल्मार हे समुद्रपक्षी पकडून आणत.

त्यातला खरा पोशिंदा फुल्मार. त्याची पिल्लं ऑगस्टमध्ये, उडायच्या बेतात आली की धरायची. डिवचलं की हा पक्षी तोंडातून उग्र वासाच्या तेलाची पिचकारी मारतो, म्हणून त्याला सावध व्हायला वेळ न देता मान पिरगाळायची, म्हणजे तेल वाया जात नाही. तेल दिव्याला आणि औषधाला, मांस हिवाळ्याच्या बेगमीला, पिसं जमीनदाराच्या खंडापोटी. १८७८ पर्यंत फुल्मारची वीण अख्ख्या ब्रिटनमध्ये फक्त इथेच होत असे. बिनचुन्याच्या दगडांच्या, वर गवताळ माती घातलेल्या हजाराहून अधिक कोठ्या बेटावर आजही दिसतात. त्यांना 'क्लेट' म्हणतात. फटींतून वारा खेळता राहायचा आणि आतले पक्षी, अंडी वाळून टिकायची.

१७२७ साली देवीची साथ आली तेव्हा तीन पुरुष आणि आठ मुलगे गॅनेट पकडायला स्टॅक ॲन आर्मिन या सुळक्यावर गेले होते. गावात त्यांना आणायला होडी वल्हवणारं कुणी उरलं नाही. पुढच्या मे महिन्यापर्यंत ते अकरा जण त्या उघड्या खडकावर पक्षी आणि मासे खाऊन तगले. जमीनदाराने मग बाहेरून कुटुंबं आणून गाव पुन्हा वसवलं. याच सुळक्यावर १८४०च्या सुमारास ब्रिटनमधला शेवटचा ग्रेट ऑक, म्हणजे आता नामशेष झालेला न उडणारा मोठा समुद्रपक्षी, मारला गेला. वादळ आणणारी चेटकीण समजून त्याला मारलं, असं सांगतात.

पुढची उतरण ठाऊक असलेलीच : १८५२ साली ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघाले, धनुर्वाताने पिढ्यानपिढ्या तान्ही मुलं दगावली, पर्यटकांच्या बोटींबरोबर पैसा आला आणि तरुणांना बाहेरचं जग दिसलं. याच काळात संग्राहकांनी इथल्या खास रेन पक्ष्याची अंडी आणि कातडी इतकी विकत घेतली, की १९०४ साली त्याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे पोटासाठी शतकानुशतकं झालेल्या शिकारीपेक्षा काचेच्या कपाटांची हौसच या पक्ष्याला महाग पडत होती.

माणसं गेल्यावर काही वर्षांतच बेटावरचा घरउंदीर नामशेष झाला. चुलीशिवाय आणि धान्याशिवाय तो जगूच शकला नाही. रानउंदीर मात्र राहिला. मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांहून तो चांगलाच वजनदार असतो. १९३२ मध्ये शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या हर्टावर आणून सोडल्या. १९८५ पासून शास्त्रज्ञ त्या कळपाचा सलग अभ्यास करताहेत. हिवाळे सौम्य होत गेल्याने दुबळी कोकरंही जगू लागली आणि मेंढ्यांचा सरासरी आकार घटला, असं २००९ मध्ये दिसून आलं.

१९५७ पासून बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथे मोठे उंदीर अजून पोचलेले नाहीत. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा ते फडशा पाडतील, म्हणून येणाऱ्यांना उतरण्याआधी सामान तपासून घ्यायला सांगतात.