सुई उडते म्हणून नाणं ठेवायचं?

‘जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई उडत असेल तर टोनआर्मवर (सुई धरणाऱ्या दांड्यावर) रुपयाचं नाणं ठेवा’, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. फरक लगेच पडतो, म्हणून पटतोही.

पण बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजना (म्हणजे सुई बसवलेल्या, आवाज उचलणाऱ्या डबीला) दीड-दोन ग्रॅमच भार लागतो. नाणं एकटंच तीन-चार ग्रॅमचं. उडी थांबते, रेकॉर्डवरची खाच मात्र झिजत जाते, आणि ती काही भरून येत नाही.

दुखणं पुष्कळदा आर्म ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमधल्या वाळलेल्या ग्रीसचं असतं. अँटी-स्केटिंग (आर्मची आतली ओढ तोलणारी सोय) शून्यावर आणा, सुईला टोपण लावा, मागचं वजन फिरवून आर्म आडवा तरंगता करा आणि हलकी फुंकर मारा. अडखळला, तर बेअरिंग साफ करायला घ्या. सहज सरकला, तर सुई भिंगाखाली बघा. प्लेअर समपातळीत आहे ना, तेही. भार शेवटी छोट्या काट्यावर मोजूनच लावा.