सनदेआधीचे प्रशिक्षण आणि महाविद्यालयांतील विधी सेवा केंद्रे : पार्श्वभूमी

गरिबांना मोफत कायदेशीर मदत कशी पोहोचवायची, यावर १९७३ आणि १९७७ मध्ये दोन अहवाल आले. दोन्हींनी विधी महाविद्यालयांवर भिस्त ठेवली. खऱ्या पक्षकाराचे काम करताना विद्यार्थी शिकेल आणि वकील न परवडणाऱ्याचे कामही होईल, अशी ती कल्पना होती. शिक्षण आणि सेवा त्यात वेगळी नव्हती.

नेमक्या त्याच काळात संसदेने उलट दिशेने पाऊल टाकले. १९६१च्या अधिवक्ता कायद्यात पदवीनंतर प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्यावरच सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, मिळण्याची तरतूद होती. १९७३च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पुढचा सगळा गुंता इथून सुरू होतो.

वीस वर्षांनी न्यायमूर्तींच्या एका समितीने प्रशिक्षणाची पुन्हा शिफारस केली आणि १९९५ मध्ये वकिलांच्या शिखर संस्थेने (बार कौन्सिल ऑफ इंडिया) सनदेआधी वर्षभराच्या उमेदवारीचे, म्हणजे अनुभवी वकिलाच्या हाताखालील प्रशिक्षणाचे, नियम केले. त्यांना आव्हान दिले गेले आणि मार्च १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. प्रशिक्षण नको, असे न्यायालयाचे म्हणणे मुळीच नव्हते. जी अट संसदेने कायद्यातून वगळली, ती नियम करण्याच्या अधिकारात मागच्या दाराने आणता येणार नाही, एवढाच मुद्दा होता. कायदा दुरुस्त करावा, असे न्यायालयाने सुचवलेही. तर्क म्हणून निकाल समजतो, पण त्याची किंमत पक्षकारांनी मोजली. काल पदवी घेतलेला तरुण आज वकीलपत्र दाखल करू शकतो, आणि त्याचा पहिला पक्षकार बहुधा तोच असतो ज्याला अनुभवी वकील परवडत नाही.

मग सारा भार महाविद्यालयांवर आला. शिखर संस्थेच्या १९९७च्या परिपत्रकाने चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे झालेच होते. त्यांतला एक जनहितार्थ वकिली आणि विधी साहाय्याचा होता. तिच्याच २००८च्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयाला विधी साहाय्य केंद्र बंधनकारक केले. इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे ठरली. मात्र याच नियमांतील सक्तीच्या चार प्रात्यक्षिक विषयांत विधी साहाय्याचा स्वतंत्र पेपर राहिला नाही. त्याची जागा पर्यायी वादनिवारणाने, म्हणजे खटल्याऐवजी तडजोड, मध्यस्थी अशा मार्गांनी वाद मिटवण्याच्या विषयाने, घेतली. केंद्र सक्तीचे आणि तिथल्या कामाला स्वतंत्र गुण नाहीत, अशी ही रचना आहे. अनेक ठिकाणी ते काम गावातल्या एका शिबिरावर, पथनाट्यावर आणि जर्नलमधल्या अहवालावर का थांबते, हे यातून कळते. पोटगीचा किंवा वारस नोंदीचा प्रश्न घेऊन आलेल्या बाईला तारखांमागून तारखा साथ देणारे कोणीतरी हवे असते. सत्र संपले की विद्यार्थी निघून जातो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९च्या निकालातील शिखर संस्थेच्या अधिकारांचा अन्वयार्थ चुकीचा ठरवला. शिखर संस्था वकिलांची जी पात्रता परीक्षा घेते, ती सनदेआधी घ्यायची की नंतर, हे तिच्यावरच सोपवले. परीक्षेचा वाद मिटला, पण उमेदवारीचे वर्ष परत आलेले नाही. विद्यार्थ्याला पक्षकाराच्या बाजूने न्यायालयात उभे राहायचे असेल, तर अधिवक्ता कायद्याच्या कलम ३२ खाली त्या-त्या प्रकरणापुरती न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते.