इटालियनमधले दुपारचे जेवण : 'प्रांजो'ची वेळ कशी सरकली

आज इटलीत दुपारच्या जेवणाला 'प्रांजो' म्हणतात. यातला 'ज' आपल्या 'जाळे'मधल्यासारखा उच्चारायचा. मूळ लॅटिन 'प्रान्दिउम'. प्राचीन रोममध्ये हे हलके, बहुधा थंड खाणे असे. मुख्य जेवण म्हणजे 'चेना' दुपार कलल्यावर होई. पुढे चेना रात्रीकडे सरकली आणि प्रांजोचे भरपेट जेवण झाले.

न्याहारीला आज वापरतात तो 'कोलात्सिओने' हा शब्द मठांतून आला. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत संध्याकाळी कासियान या जुन्या ख्रिस्ती साधूच्या 'कोलात्सिओनेस' (संवाद) या ग्रंथाचे वाचन सांगितले आहे. उपवासाच्या दिवशी त्या वेळी घेतल्या जाणाऱ्या अल्पाहाराला तेच नाव चिकटले. एकोणिसाव्या शतकात शहरी उच्चवर्ग जेवायला उशिरा बसू लागला. मग त्यांच्याकडे दुपारी कोलात्सिओने आणि संध्याकाळी प्रांजो, तर सकाळच्या न्याहारीला 'प्रीमा कोलात्सिओने', म्हणजे पहिली. शेतकरी-कामगारांचा प्रांजो दुपारीच राहिला, आणि बोलीत शेवटी तोच टिकला.

जुनी रीत राजशिष्टाचारात मात्र जिवंत आहे. पाहुण्या राष्ट्रप्रमुखासाठी क्विरिनाले प्रासादात, म्हणजे इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या रोममधल्या निवासस्थानी, रात्री होते ती मेजवानी 'प्रांजो दि स्तातो'. 'कोलात्सिओने दि लाव्होरो' म्हणजे दुपारी जेवता जेवता होणारी कामाची बैठक. ती न्याहारी समजून सकाळी पोचलात तर दार बंद मिळेल. सरकारी निमंत्रणात आधी तास वाचावा. तोस्काना प्रांतात जुन्या माणसांच्या तोंडी दुपारच्या जेवणाला 'देझिनारे' येते. ते फ्रेंचमार्गे आलेले. मिलानच्या कामगाराचा डबा म्हणजे 'स्किशेत्ता', दाबणे या अर्थाच्या 'स्किशा' या स्थानिक क्रियापदावरून. जेवण त्यात दाबून भरत. सहलीला बांधून नेलेले जेवण 'प्रांजो अल साक्को'.

बोलताना अडखळायला होते ते उपपदाशी. जेवणाची वेळ सांगायची तर उपपद नको: 'चि व्हेदियामो आ प्रांजो', दुपारी जेवायला भेटू. खुद्द जेवणाविषयी बोलायचे तर हवे: 'इल प्रांजो ए प्रोन्तो', जेवण तयार आहे. भूतकाळात 'ओ प्रांजातो' म्हणावे, 'सोनो प्रांजातो' नव्हे, कारण हे क्रियापद 'आव्हेरे' (जवळ असणे) हे साहाय्यक घेते. घरात मात्र सरळ 'आइ मांजातो?' असेच विचारतात, आपल्या 'जेवलास का?'सारखे. 'दोपो प्रांजो' म्हणजे जेवणानंतर. 'दोपोप्रांजो' असा जोडून लिहिला की तो दुपारनंतरच्या प्रहराचे नाव होतो.