बॉम्ब मोजता येतात, ओढ कशी मोजायची?

५८ सेंटिमीटर व्यासाचा चकचकीत गोळा, वजन ८३.६ किलो, मागे चार लांबलचक अँटेना. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियनने, हा स्पुटनिक नावाचा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह वर सोडला आणि त्याने केलं काय, तर तीन आठवडे नुसतं बीप बीप. पण गंमत बघा, ते बीप २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवलेलं, म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओवर खटपट करणाऱ्या कुठल्याही देशातल्या हौशी माणसाला ते स्वतःच्या कानाने ऐकू यायचं, पेपरातल्या बातमीवर विसंबायची गरजच नाही. आणि ज्या आर-७ रॉकेटने तो वर नेला ते मुळात अमेरिकेवर अणुबॉम्ब टाकायला बनवलेलं क्षेपणास्त्र! धाक आणि कौतुक एकाच पॅकेटमध्ये.

धाक दाखवून किंवा पैसे मोजून काम करून घेणं ही हार्ड पॉवर, आणि समोरच्यालाच आपल्यासारखं व्हावंसं वाटणं ही सॉफ्ट पॉवर, हा शब्द जोसेफ नाय या अमेरिकन प्राध्यापकाने १९९० मध्ये आणला. पहिली मोजणं सोपं. ८० च्या दशकात सोव्हिएतकडे अंदाजे ४० हजारांच्या घरात अण्वस्त्रं होती, अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे नुसते आकडे बघितले तर रशियाच पुढे.

दुसरीचं काय करायचं? माझ्या मते पोरं शिकायला कुठे पळतात ते बघावं. पवईची आयआयटी १९५८ ला सुरू झाली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर, यंत्रं तिकडची, तज्ज्ञ तिकडचे, पण तिथून पास झालेल्यांतले जे परदेशी गेले त्यातल्या बहुतेकांनी मॉस्कोची नाही, अमेरिकेची वाट धरली.

अर्थात अमेरिकेनेही आपल्या हाताने माती केलीच. पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखाली गहू वर्षानुवर्षं आपल्याला दिला, म्हणजे तशी चांगली पुण्याई जमलेली, आणि १९७१ च्या बांगलादेश युद्धात आपल्याला दमात घ्यायला सातव्या आरमाराचं एंटरप्राइझ हे अणुशक्तीवर चालणारं जहाज बंगालच्या उपसागरात पाठवून सगळी एका आठवड्यात धुऊन काढली, जुनी माणसं आजही गव्हाआधी आरमाराची गोष्ट सांगतात. रशियाने १९६८ ला चेकोस्लोव्हाकियातल्या प्रागमध्ये रणगाडे घालून तेच केलं.

१९९१ मध्ये सोव्हिएत युनियन मोडलं तेव्हा हजारो अण्वस्त्रं जागच्या जागी होती, त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. मॉस्कोत छापलेली ती स्वस्त आणि मस्त पुस्तकं मात्र यायची बंद झाली, त्याचं आमच्या घरात जास्त दुःख झालं. त्यातलं फिजिक्सचं एक जाडजूड पुस्तक अजून माळ्यावर आहे, पानं पिवळी, बांधणी मात्र घट्ट. काका त्यातली गणितं सोडवून सोडवून आयआयटीत लागला. आता न्यू जर्सीत असतो.