आधी इंग्रजी, मग परीक्षेपुरती हिंदी : इंदूरच्या मराठी मुलांच्या टायपिंगची पार्श्वभूमी

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हल्ली तिसरी-चौथीची मुलं टायपिंगक्लबसारख्या वेबसाइटवर बोटं बसवायला शिकतात. डावा हात ए-एस-डी-एफवर, उजवा जे-के-एल आणि अर्धविरामावर. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, त्यामुळे न बघता जागा सापडते. धडा जमला की तारे मिळतात, चुकला की पुन्हा. शिकवण्याची पद्धत चांगली आहे, मुलं रमतातही. पण इंदुरातल्या मराठी घरातलं मूल यातून फक्त इंग्रजी टाइप करायला शिकतं, आणि याची मुळं बरीच मागे जातात.

इंग्रजी कीबोर्डवर अक्षरं ज्या क्रमाने असतात ती क्वर्टी मांडणी अमेरिकेतल्या क्रिस्टोफर शोल्स यांची. त्यांचा टाइपरायटर रेमिंग्टन कंपनीने 1874 मध्ये बाजारात आणला. न बघता दहा बोटांनी टाइप करण्याचा बोलबाला झाला तो 1888 मध्ये. सिनसिनाटीच्या स्पर्धेत फ्रँक मॅकगुरिन या कोर्टातल्या लघुलेखकाने तसं टाइप करून बाजी मारली. टायपिंग शिकायचं ते नोकरीसाठी, हे समीकरण तेव्हापासूनचं. लहान मुलांचा विचार नंतर झाला. 1929 ते 1931 या काळात बेन वुड आणि फ्रँक फ्रीमन यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत टाइपरायटर ठेवून हजारो मुलांवर अभ्यास केला. मुलं जास्त लिहू लागली, असं त्यांना दिसलं. तरी यंत्रं महागच होती, आणि वर्गावर्गात ती काही पोचली नाहीत.

आपल्याकडे तर टायपिंग म्हणजे सरळ नोकरीचा दाखला. होळकरांच्या दफ्तरात बोरूने मोडी लिहिणारे कारकून होते. 1948 मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं, 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला आणि सरकारी कामकाज हिंदीत स्थिरावलं. कारकुनी करू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना हिंदी टाइपरायटर शिकणं आलंच. त्यावरची अक्षरांची रेमिंग्टन मांडणी शिकायला कठीण. यंत्र डावीकडून उजवीकडे नुसते ठसे उमटवत जाणार, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी दाबायची, मग क. ‘भ’ हवा तर आधी अर्धा भ्, मग काना. हात बसायला महिनोन्महिने जात. पुढे कॉम्प्युटर आले, तरी कृतिदेव फाँटमधून तीच मांडणी मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत टिकून राहिली.

या सगळ्यात जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, तिचीच चर्चा सर्वांत कमी होते. 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी ठरवली आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकात ती आली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के या कळेवर क, शिफ्टसह ख. ‘काका’ टाइप करताना उजवा, डावा, उजवा, डावा असे हात आळीपाळीने चालतात. ‘कि’ लिहायची ती आधी क, मग वेलांटी, म्हणजे बाराखडी म्हणतो त्याच क्रमाने. ल आणि ळ एकाच कळेवर आहेत, ळला शिफ्ट लागते इतकंच. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्यासाठीसुद्धा जेच्या कळेवर शिफ्टसह ऱ दिलेला आहे. शाळेत हिंदी आणि घरी मराठी असलेल्या मुलाला एकाच सरावात दोन्ही भाषा मिळतात. गुजराती, बंगाली, तमिळ या लिप्यांनाही हीच मांडणी चालते.

मग ती शाळेत का आली नाही? कॉम्प्युटर शाळेत आला तोच इंग्रजीतून. 1984 मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरतेच्या प्रकल्पात ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक निवडक शाळांना दिले होते. 1987 मध्ये आलेलं टायपिंग शिकवणारं ‘मेव्हिस बीकन’ सॉफ्टवेअर आणि नंतरचं बीबीसीचं ‘डान्स मॅट टायपिंग’ हे इंग्रजी टायपिंगसाठी बनलेलं. ‘डान्स मॅट’ तर सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीच. वेबसाइटही त्याच वळणावर गेल्या. वेग मोजतानाही पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. ती इंग्रजी टायपिंगची रीत आहे, आपल्या जोडाक्षरांचा हिशेब तिच्यात बसत नाही. पुढे मोबाइल आला आणि रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय मुलांना टायपिंग शिकण्याआधीच लागली. ‘aai’ टाइप करून ‘आई’ उमटतं, तेव्हा मांडणी शिकायची गरज कुणाला वाटणार?

मध्य प्रदेशातल्या संगणक दक्षतेच्या सीपीसीटी परीक्षेत हिंदी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट निवडता येते. म्हणजे इंदूरचं मूल या मांडणीपाशी पोचतं ते सरकारी नोकरीचा फॉर्म भरताना, पदवीच्या आसपास. तोवर बोटांना दुसरी सवय लागलेली असते. खरं तर विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट आधीपासून आहे, भाषेच्या सेटिंगमधून सुरू करायचं एवढंच काम. शाळेला काही विकत घ्यायचं नाही. सहावीपासून आठवड्याला एक तास देवनागरीला दिला आणि आपल्या शिक्षकांनी सोपे मराठी-हिंदी धडे तयार केले, तर दहावीच्या आत मुलांचा हात बसेल.